जुने आरपीजी गेम खेळायचेत पण सुरुवात कुठून? आधी वही-पेन घ्या

२०२३ ला बाल्डर्स गेट ३ आला, २०२४ ला फॉलआउटची सिरीज आली, आणि तेव्हापासून ओळखीतल्या निदान पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय की हे सगळं जिथून सुरू झालं ते जुने आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे स्वतःचं एक पात्र बनवून त्याच्या गोष्टीत शिरायचं) आज खेळता येतात का आणि पहिला कोणता लावू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. लांबेल थोडं, पण हे घाईत सांगायचं प्रकरणच नाहीये.

आधी मी कुठे चुकलो ते सांगतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं तेच झालंय. २००३ च्या आसपास एका मित्राने मला फॉलआउटची कॉपी केलेली सीडी दिली, वर मार्करने नाव लिहिलेलं, सोबत दुसरं काही नाही. गेम लावला, गुहेत उंदीर आले, मी कुठेतरी क्लिक करत राहिलो, माझी पाळी कधी संपते तेच कळेना, मेलो. परत मेलो. तिसऱ्यांदा गुहेतून बाहेर पडलो तर एक मोठा रिकामा नकाशा आणि जायचं कुठे ते कुणी सांगेना. तासाभरात अनइन्स्टॉल करून टाकला आणि पुढची कितीतरी वर्षं हा गेम बेकार आहे असं लोकांना सांगत फिरलो.

नंतर गेम रीतसर विकत घेतला तेव्हा त्याच्यासोबत मॅन्युअलची पीडीएफ मिळाली आणि सहज म्हणून उघडली. शंभरावर पानांचं ते मॅन्युअल व्हॉल्टमधून, म्हणजे गेममधल्या जमिनीखालच्या तळघरातून, बाहेर पडणाऱ्या माणसासाठीच लिहिलंय अशा थाटात आहे, बाहेर जग कसं असेल, बंदूक कशी धरायची, एका पाळीत किती हालचाली मिळतात, सगळं त्यात आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी इतकी वर्षं अर्धाच गेम खेळत होतो. त्या काळी गेम डब्यात यायचा आणि अर्धा गेम त्या डब्यातल्या कागदांत असायचा. आपल्याकडे डबा क्वचितच यायचा, यायची ती फक्त सीडी. त्यामुळे आपल्याला ते गेम मुके वाटले.

तर माझा सगळा सल्ला ह्या एकाच गोष्टीभोवती आहे: तो हरवलेला कागदी अर्धा भाग परत आणा. मॅन्युअल वाचा, वही-पेन शेजारी ठेवा आणि पहिल्या दिवशी दोन तास निवांत काढा. एवढं केलंत तर ह्यातले बरेच गेम आजही पकडून ठेवतात.

आता क्रम. इंटरनेटवर लोक तुम्हाला १९८१ पासून सुरू करायला सांगतील, अल्टिमा १ मग विझर्ड्री मग अमुक मग तमुक. तसं करू नका. मी बघितलंय, माणूस उत्साहात सगळ्यात जुना गेम लावतो, काळ्या स्क्रीनवर चार रेघा बघतो आणि परत त्या वाटेला जात नाही. १९९७ ते २००० ह्या काळापासून सुरू करा, तिथे माऊस आहे, चित्रं आहेत, आणि खेळायची पद्धत आजच्या माणसाला अर्ध्या तासात हाताला बसते. मग तिथून मागे मागे जा. मागे जाताना प्रत्येक वेळी एकेक सोय कमी होत जाते, आणि ती एकदम दहा कमी होण्यापेक्षा एकेक कमी झालेली बरी.

पहिला गेम फॉलआउट, १९९७ चा. इंटरप्ले कंपनीचा, आणि ह्याची सुरुवात टिम केनने केली. हा पहिला का, तर तो लहान आहे, पंधरा-वीस तासांत आरामात संपतो, आणि ह्या जातीच्या गेममध्ये जे काही खास असतं ते सगळं त्यात आहे. गोष्ट एका वाक्यात सांगता येते: अणुयुद्धानंतर जमिनीखाली एका तळघरात, व्हॉल्ट १३ मध्ये, लोक राहतायत, त्यांचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडलीये आणि नवीन चिप आणायला तुम्हाला १५० दिवस दिलेत. दिवस खरोखर मोजले जातात. पण घाबरू नका, १५० दिवस भरपूर आहेत, आणि पुढे हब नावाच्या शहरातल्या पाणीवाल्या व्यापाऱ्यांकडून मुदत वाढवूनही घेता येते.

कॅरेक्टर बनवताना लोक अडकतात म्हणून तिथे जरा थांबतो. सात गुण आहेत: ताकद, नजर, दम, छाप, अक्कल, चपळाई आणि नशीब. प्रत्येक पाचवर असतो आणि वर पाच पॉइंट वाटायला मिळतात, दहाच्या वर जाता येत नाही. ह्यात चपळाई सगळ्यात महत्त्वाची, कारण एका पाळीत किती हालचाली करता येतील ते तीच ठरवते, चपळाईच्या निम्मे अधिक पाच असा हिशोब आहे. म्हणजे चपळाई दहा असेल तर दहा ॲक्शन पॉइंट. तेव्हा चपळाई नऊ-दहा, अक्कल आठच्या आसपास, नजर सात. छाप ह्या गेममध्ये फार कामाला येत नाही, तिथले दोन-तीन पॉइंट काढून इकडे लावा. अक्कल मात्र चारच्या खाली नेऊ नका, तुमचा माणूस नुसता हुंकार देत बोलतो आणि समोरचे त्याला वेड्यात काढतात. हा प्रकार फार मस्त बनवलाय पण तो दुसऱ्या वेळी खेळताना. गिफ्टेड नावाचं एक वैशिष्ट्य आहे, ते घेतलं की सातही गुण एकेकाने वाढतात, बदल्यात कौशल्यं थोडी कमी होतात, पहिल्या वेळी घेऊन टाका. आणि तीन कौशल्यांवर खूण करायची असते तिथे स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक. ह्या तिघांवर अख्खा गेम निघतो.

बटणं फक्त एवढी लक्षात ठेवा. उजवं क्लिक केलं की कर्सर बदलतो, चालायचा, बघायचा, नेम धरायचा. ए दाबलं की लढाई सुरू, स्पेस दाबलं की तुमची पाळी संपली, एंटर दाबलं की लढाई संपवायचा प्रयत्न. एफ६ ने पटकन सेव्ह, एफ७ ने पटकन लोड. हीच माहिती मला २००३ ला कुणी दिली असती तर! आणि त्या पहिल्या गुहेतल्या सगळ्या उंदरांना मारलंच पाहिजे असं काही नाही, सरळ त्यांना टाळून बाहेरची वाट धरता येते. दारापाशी एक सांगाडा पडलाय तो मात्र तपासा, त्याच्याजवळ कामाच्या वस्तू आहेत. ही सवय लावून घ्या, जे जे पडलेलं दिसेल ते तपासायचं.

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ आमच्याकडे आला होता, कॉलेजला आहे, मोबाइलवर दिवसभर शूटर गेम खेळणारा पोरगा. त्याला मी फॉलआउट लावून दिला आणि शेजारी गप्प बसलो, फक्त तो काय करतो ते बघायचं असं ठरवून. गेमने त्याला सांगितलं की व्हॉल्ट १५ ला जा, तर तो सरळ नकाशावर त्या खुणेवर क्लिक करून निघाला. वाटेत शेडी सँड्स नावाचं एक छोटं गाव लागतं, मातीची घरं, शेत, विहीर. तो बंदूक हातात घेऊनच आत शिरला आणि लोक त्याला म्हणायला लागले की आधी ती बंदूक आत ठेव. ठेवली. पण गावात दोन माणसांशी बोलून कंटाळला, म्हणाला दादा इथे काही होत नाहीये, आणि पुढे निघाला. व्हॉल्ट १५ ला पोचला, खाली उतरला, तर लिफ्टचा नुसता खड्डा, लिफ्ट नाहीच. खाली जायला दोर पाहिजे. दोर नव्हता. तो पाच मिनिटं त्या खड्ड्याभोवती क्लिक करत राहिला, मग पिपबॉय (गेममधल्या माणसाचं मनगटावरचं यंत्र) उघडून तारीख बघितली. गेम ५ डिसेंबर २१६१ ला सुरू होतो, त्याने मनातल्या मनात दिवस मोजले आणि एकदम सरळ बसला. ते दिवस वाया गेले होते आणि ते परत मिळणार नव्हते.

मग तो परत शेडी सँड्सला गेला, आणि ह्या वेळी प्रत्येक घरात शिरला, प्रत्येक माणसाशी बोलला, प्रत्येक कपाट उघडलं. दोर त्या गावातच मिळतो. इयान नावाचा एक माणूस तिथेच आहे, शंभर बाटलीच्या झाकणांवर (हो, झाकणं हाच तिथला पैसा) तुमच्यासोबत यायला तयार होतो, आणि स्पीच चांगलं असेल तर फुकटही येतो. गावाला विंचवांचा त्रास आहे, डॉक्टर राझ्लोला विंचवाची शेपूट आणून दिली तर तो त्यातून उतारा बनवतो, आणि विंचवांच्या गुहेत गेलात तर सगळ्यांना मारण्याऐवजी एका कच्च्या भिंतीला डायनामाइट लावून गुहाच बंद करता येते. हे कुठेच लिहून येत नाही, बाण दाखवत नाही, त्या गुहेची भिंत नीट निरखून बघितली तरच सुचतं. त्याला ते सुचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि त्याने मला उठवून सांगितलं.

त्या रात्री त्याने स्वतःहून माझ्याकडे वही मागितली. पहिल्या पानावर त्याने लिहिलेलं असं होतं: "शेडी सँड्स. राझ्लो डॉक्टर, शेपूट. दोर घेतला. हब दक्षिणेला, मोठं शहर, पाणीवाले??" बस एवढंच. वही म्हणजे निबंध नाही, माणसाचं नाव, जागा आणि एक प्रश्नचिन्ह. हे लिहिणं कंटाळवाणं वाटतं पण तेच ह्या गेमचं हृदय आहे, कारण जुन्या गेममध्ये काय महत्त्वाचं ते तुम्ही ठरवायचं असतं.

फॉलआउटबद्दल अजून दोन गोष्टी आणि पुढे जाऊ. इयानला सबमशीनगन देऊ नका, तो गोळ्यांचा फवारा मारतो आणि तुम्ही मध्ये असाल तर तुमच्याच पाठीत मारतो. आणि सेव्ह एकाच जागी करत बसू नका, निदान पाच वेगवेगळे सेव्ह ठेवा, नवीन गावात शिरायच्या आधी एक वेगळा. मी एकदा एकच सेव्ह वापरत होतो आणि दिवस संपत आल्यावर लक्षात आलं की मी अशा ठिकाणी सेव्ह केलंय जिथून वेळेत पोचणं शक्यच नाही. सगळं पहिल्यापासून.

दुसरा गेम बाल्डर्स गेट, पहिला, १९९८ चा डिसेंबर. बायोवेअर कंपनीचा, आणि ती कंपनी कॅनडातल्या डॉक्टर लोकांनी काढली होती. तुम्ही तिसरा खेळला असेल तर गोष्टीसाठी पहिला खेळायलाच पाहिजे असं नाही, पण ते शहर, ती माणसं आधी कशी होती हे बघायला फार भारी वाटतं, मिन्स्क आणि त्याचा बू नावाचा उंदरासारखा हॅमस्टर इथेच नॅशकेल गावात पहिल्यांदा भेटतात. २०१२ ला ह्याची एन्हान्स्ड एडिशन आली, तीच घ्या, आजच्या स्क्रीनवर नीट चालते.

इथे लढाई पाळीपाळीने नाही, सगळे एकदम हलतात आणि स्पेस दाबलं की वेळ थांबते. तर स्पेसवर अंगठा ठेवूनच खेळायचं. सेटिंगमध्ये ऑटोपॉझ आहे, शत्रू दिसला की थांब असं लावून ठेवा, नवीन माणसाचा जीव ह्या एका खुणेने वाचतो.

ह्या गेमचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावर बसून खेळायच्या खेळाचे आहेत, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे, आणि त्यात थॅको नावाचा एक प्रकार आहे ज्याला सगळे घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही. एसी म्हणजे अंगावरचं संरक्षण, आणि इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं, दहा म्हणजे उघडा माणूस. थॅको म्हणजे तुमचा नेम, तोही जितका कमी तितका चांगला. तुमच्या थॅकोतून समोरच्याचा एसी वजा करा, वीस बाजूंच्या फाशावर निदान तेवढं पडलं पाहिजे. तुमचा थॅको १९, त्याचा एसी ४, म्हणजे १५ किंवा जास्त पडलं तरच घाव लागतो. वीसपैकी सहाच आकडे! म्हणूनच पहिल्या लेव्हलला तुमचा योद्धा हवेत तलवार फिरवत राहतो, गेम खराब नाहीये, हिशोबच तसा आहे. लेव्हल वाढली की एकदम फरक पडतो.

पहिल्यांदा योद्धाच घ्या. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे जीवाचे चार-सहाच पॉइंट, लांडग्याने एकदा चावलं की संपलं. जादूगार पार्टीत, म्हणजे तुमच्या सोबत्यांच्या गटात, असू द्या आणि त्याला स्लीप हा मंत्र द्या, सुरुवातीला त्याच्याइतकं जबरदस्त दुसरं काही नाही, अख्खी टोळी झोपते आणि मग झोपलेल्यांवर घाव घालायचे. बाकी सगळ्यांना लांबून मारायची हत्यारं द्या, धनुष्य, गोफण, जे चालेल ते. आणि एक जादा तलवार जवळ ठेवा, कारण गोष्टीत लोखंडाचा घोळ चाललाय आणि लढता लढता हत्यार खरंच हातात तुटतं.

सुरुवात कँडलकीप नावाच्या मोठ्या वाचनालयात होते, तटबंदीच्या आत. तिथून घाईने बाहेर पडू नका. कुणाचं पुस्तक गवतात राहिलंय, कुणाची गाय आजारी आहे, कुणाच्या गोदामात उंदीर झालेत, अशी छोटी कामं आहेत, ती सगळी करा, त्यातून माऊस हाताला बसतो आणि चार पैसे मिळतात. बाहेर पडल्यावर उत्तरेला फ्रेंडली आर्म नावाची सराय आहे, तिथे दोन चांगले सोबती वाट बघतायत. पण त्या सरायच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा एक माणूस गोड बोलत पुढे येतो, आणि ह्या एका माणसाने जगभरातल्या किती नवख्यांना मारलंय त्याला गणती नाही. पायऱ्या चढायच्या आधी सेव्ह करा, सगळ्यांना एकाच ठिकाणी उभं करू नका, आणि तो मंत्र म्हणायला लागला की लगेच त्याच्यावर बाण सोडा, घाव लागला की मंत्र मोडतो. हा धडा शेवटपर्यंत कामाला येतो: समोर जादूगार असेल तर आधी त्याचा मंत्र मोडा, बाकीचे नंतर.

अगदीच जमत नसेल तर लढाई एकदम सोपी करणारा स्टोरी मोड आहे, लावा, त्यात काही कमीपणा नाही.

तिसरा, आणि माझा सगळ्यात लाडका, प्लेनस्केप टॉरमेंट, १९९९ चा. शवागारातल्या एका दगडी ओट्यावर तुम्ही जागे होता, आपण कोण ते आठवत नाही, अंगभर जखमांचे व्रण, आणि मोर्ट नावाची एक तरंगणारी कवटी तुमच्याशी गप्पा मारायला लागते. तुमच्या पाठीवर काहीतरी गोंदलंय ते तीच वाचून दाखवते, आणि ते तुम्हीच तुमच्यासाठी गोंदवून ठेवलेलं असतं. तुम्ही मरू शकत नाही. मेलात तरी परत उठता आणि गेम पुढे चालू राहतो. इथे तलवारीपेक्षा बोलण्याने जास्त कामं होतात, म्हणून कॅरेक्टर बनवताना विझडम, इंटेलिजन्स आणि करिझ्मा वर न्या, ताकदीकडे बघू नका. ज्यांना कादंबरी वाचायला आवडते त्यांनी हा नक्की खेळावा, ज्यांना लढाईच हवी त्यांना हा आवडणार नाही हेही आधीच सांगतो.

इथेच इंग्रजीचं बोलून घेऊ, कारण मराठी माध्यमातून शिकलेले बरेच जण मला खासगीत विचारतात की एवढं इंग्रजी झेपेल का. झेपतं. मीसुद्धा मराठी माध्यमाचाच, आणि माझं अर्धं इंग्रजी वाचन ह्या गेमनेच सुधारलं. इथे कुणी घाई करत नाही, संवादाची खिडकी तुम्ही क्लिक करेपर्यंत तशीच उभी असते, शब्द अडला तर मोबाइलवर बघा आणि वहीत मराठीत अर्थ लिहून ठेवा. टॉरमेंटमध्ये मात्र लोक लंडनच्या जुन्या चोरांच्या बोलीसारखं बोलतात, ते शब्द डिक्शनरीत शोधत बसू नका: बर्क म्हणजे मूर्ख माणूस, कटर म्हणजे आपण म्हणतो ना "काय वाघा" तसं, चँट म्हणजे बातमी, आणि डार्क म्हणजे गुपित. एवढे चार कळले की बाकीचं ओघात समजतं.

गेम मिळतात कुठे. स्टीम ह्या ऑनलाइन दुकानावर आहेतच, पण जुन्यांसाठी गॉग (GOG) हे दुकान जास्त बरं, पोलंडमधलं आहे, २००८ ला जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे करून विकायचे ह्याच कल्पनेवर सुरू झालं. डाउनलोड करून ठेवलेली फाइल कायम तुमची, इंटरनेट नसलं तरी चालते, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच गेमसोबत मॅन्युअल आणि नकाशे पीडीएफमध्ये देतात. तो हरवलेला डबा म्हणजे हाच. सेल वर्षातून बऱ्याच वेळा लागतात, थांबून घ्या. ग्राफिक्स कार्ड वगैरे काही लागत नाही, घरातला जुना ऑफिसचा लॅपटॉपही पुरतो. आणि लॅपटॉप नसेल तर बाल्डर्स गेट आणि टॉरमेंट दोन्हीच्या एन्हान्स्ड एडिशन अँड्रॉइड आणि आयफोनवर आहेत, फक्त अक्षरं बारीक दिसतात म्हणून टॅब असेल तर उत्तम.

अडलं तर काय? वॉकथ्रू, म्हणजे गेम कसा सोडवायचा ते पायरीपायरीने सांगणारा लेख, उघडायचा नाही असं मी म्हणणार नाही, पण माझा नियम सांगतो. अर्धा तास अडकलो तर आधी वही वाचतो, मग ज्यांच्याशी बोलून झालंय त्यांच्याशी परत बोलतो, मग झोपतो. दुसऱ्या दिवशीही नाही सुटलं तर फक्त तेवढाच प्रश्न शोधतो आणि टॅब बंद करतो. व्हिडिओ बघू नका, व्हिडिओत पुढचं सगळं दिसून जातं.

स्कायरिम खेळून आलेल्यांसाठी एक वेगळी वाट आहे, त्यांनी थेट त्याच मालिकेतला जुना मॉरोविंड लावला तरी चालेल, २००२ चा. तिथे नकाशावर बाण नाही, माणूस तुम्हाला तोंडी रस्ता सांगतो, पुलावरून पलीकडे जा, मग डावीकडे वळा, आणि तुम्ही तो शोधत जायचं, अगदी गावात पत्ता विचारत जातो तसं. एकच लक्षात ठेवा, तलवार समोरच्याला लागलेली दिसली तरी आत फासे पडत असतात, आणि तुम्ही धावून दमलेले असाल तर नेम आणखी चुकतो. लढाईच्या आधी चालत जा, पळत नको.

हे तीन-चार झाले की मग मागे जायची खरी मजा. अल्टिमा ४, १९८५ चा, रिचर्ड गॅरियटचा, गॉगवर फुकट आहे. ह्यात कुणी खलनायक मारायचा नाहीये, तुम्हाला चांगलं माणूस व्हायचंय, प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ गुण अंगी आणायचेत आणि गेम गुपचूप तुमचं वागणं मोजत असतो. जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे, माल घेतल्यावर किती पैसे ठेवायचे ते ती तुमच्यावर सोडते. कमी ठेवले तर ती काहीच म्हणत नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा तिथे कमी झालेला असतो. १९८५ साली कुणीतरी हे सुचवलं, ह्याचं मला आजही आश्चर्य वाटतं. सोबतच्या दोन्ही पुस्तकांच्या पीडीएफ आधी वाचा, कारण कोणत्या मंत्राला कोणती जडीबुटी लागते ते त्यातच आहे, जखम भरायच्या मंत्राला जिनसेंग आणि कोळ्याचं रेशीम, असं. लोकांशी बोलताना शब्द टाइप करायचा असतो, नाव, काम, तब्येत विचारून सुरुवात करा, आणि उत्तरात जो शब्द वेगळा वाटेल तोच परत टाइप करा. पहिली चार अक्षरं पुरतात.

मग १९८८ चा पूल ऑफ रेडियन्स. फ्लान नावाचं उद्ध्वस्त शहर राक्षसांच्या ताब्यातून एकेक मोहल्ला करत सोडवायचं. डिस्कवर जागा कमी म्हणून गोष्टीचे मोठे तुकडे सोबतच्या जर्नलमध्ये छापलेले, गेम तुम्हाला सांगतो अमुक नंबरची नोंद वाचा, तुम्ही कागदावर वाचायची. पुढे काय लिहिलंय ते आधीच वाचून काढू नका, त्यात काही नोंदी मुद्दाम खोट्या घातल्यात.

आणि सगळ्यात शेवटी विझर्ड्री, १९८१ चा, कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्यांनी बनवलेला. जपानमध्ये ह्याने एवढं वेड लावलं की तिकडच्या ड्रॅगन क्वेस्टसारख्या गेमचं मूळ इथपर्यंत जातं. २०२४ ला ह्याचं नवीन रूप आलंय, त्यात नवीन चित्रांसोबत मूळ ॲपल टू ह्या जुन्या कॉम्प्युटरचा स्क्रीनही बघता येतो, नवख्यांनी तेच घ्यावं. जुन्यात मंत्राचं नाव अक्षर अक्षर टाइप करावं लागायचं, हलितो म्हणजे आग, कातिनो म्हणजे झोप, दुमापिक म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. नव्यात नकाशा आपोआप बनवायची सोय आहे, पण निदान पहिला मजला तरी हाताने काढा. शाळेचा आलेख कागद घ्या, वीस बाय वीसचा चौकोन आखा, कारण प्रत्येक मजला बरोबर वीस घरं रुंद आणि वीस घरं लांब आहे, आणि असे दहा मजले आहेत. तुम्ही डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या घरात उभे असता, तोंड उत्तरेला. तिथे पेन्सिलने जिन्याची खूण करा. पेनने नको, चुकणार आहात. मग एक पाऊल पुढे जा, डावी-उजवीकडे भिंत आहे का बघा, रेघ मारा, आणि पुढचं पाऊल टाका.